बसतं म्हणजे झेपतं असं नाही

१८७८ च्या सुमाराला टेक्ससमध्ये गुरं हाकणाऱ्या माणसाकडे थोडे पैसे असतील, तर त्याच्याकडे दोन हत्यारं असत. खोगिराला अडकवलेली विंचेस्टरची १८७३ ची रायफल आणि कमरेला कोल्टचं रिव्हॉल्व्हर. तोवर या दोन्हींची काडतुसं वेगळी होती. मग कोल्टनं आपलं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर विंचेस्टरच्या .४४-४० या काडतुसासाठीही बनवायला घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘फ्रंटियर सिक्स-शूटर’. आता पट्ट्यात एकाच प्रकारची काडतुसं ठेवली तरी भागायचं. अंधारात, घोड्यावर, थरथरत्या बोटांनी काडतूस काढलं तरी ते दोन्हींत बसणार.

हा सोयीचा विचार इतका पटण्यासारखा होता की तो आजही जिवंत आहे. अमेरिकेत आजही रिव्हॉल्व्हरची काडतुसं झाडणाऱ्या लिव्हर रायफली नव्यानं बनतात आणि खपतात. लिव्हर रायफल म्हणजे वेस्टर्न सिनेमात किंवा ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये पाहिलेली ती: चापाच्या भोवतीचा लोखंडी आकडा खाली ओढायचा, वर दाबायचा, की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत.

पण या सोयीच्या पोटात पहिल्या दिवसापासून एक भानगड होती. काडतूस दोन हत्यारांत बसतं, म्हणजे दोन्ही हत्यारांना ते झेपतं का? मागच्या दीडशे वर्षांत या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं दिली गेली. त्यातलं एक उत्तर इतकं चांगलं आहे की मी ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पुस्तकात घालेन.

मला बंदुकांचा शौक नाही. कॉलेजात एनसीसीत .२२ च्या मोजून पाच गोळ्या झाडल्या, संपला विषय. मी रोज काम करतो ते दोन सिस्टिम एकमेकींना जोडण्याचं. एकीकडून माहिती निघते, दुसरीकडे पोचते, मधल्या सांध्यात आकार जुळला की सगळं हिरवं दिसतं. आकार जुळला म्हणजे पलीकडच्याला भार पेलणार आहे असं नाही, हे आमच्या धंद्यात वारंवार शिकावं लागतं. तुमच्या फोनच्या चार्जरचंच बघा. टाइप-सीची पिन सगळीकडे बसते. पण कुठली वायर किती वॉट पेलते हे पिनकडे बघून कळत नाही. काडतुसांची गोष्ट हीच आहे, फक्त तिथे चुकीची किंमत डोळा किंवा हात असते.

शर्ट विकणारा माणूस

आपल्याकडे कोकणात शेतराखणीला अजून ठासणीची बंदूक दिसते. नळीत वरून दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक बंदुका अशाच होत्या. ठासणीच्या बंदुकीत ‘बसणं’ हा प्रश्नच नसतो. किती दारू घालायची ते माणूस ठरवतो आणि जास्त घातली तर दोष त्याचाच.

धातूच्या काडतुसानं हे बदललं. गोळी, दारू आणि ठिणगी देणारा मसाला एका पितळी किंवा तांब्याच्या पुंगळीत कारखान्यातच बंद झाला. आता मोजमाप कारखान्याचं, माणसानं फक्त भरायचं आणि चाप ओढायचा.

अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये ऑलिव्हर विंचेस्टर नावाचा शर्टांचा कारखानदार होता. त्यानं व्होल्कॅनिक नावाच्या डबघाईला आलेल्या बंदूक कंपनीत पैसे घातले. या कंपनीच्या मुळाशी होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन होते, म्हणजे पुढे रिव्हॉल्व्हरसाठी गाजलेली स्मिथ अँड वेसन ही जोडी. व्होल्कॅनिकच्या हत्यारांचं तंत्र चलाख होतं पण काडतूस दुबळं. विंचेस्टरच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीनं काडतूस आणि रायफल दोन्ही सुधारली आणि १८६० मध्ये पेटंट घेतलं. हेन्री रायफल एकदा भरली की सोळा वेळा झाडता येई. त्या काळी सैनिक एक गोळी झाडून पुन्हा ठासत बसायचा.

१८६६ मध्ये कंपनीला विंचेस्टरचं नाव मिळालं आणि पितळी अंगाची रायफल आली. तिच्या चकाकत्या पिवळ्या रंगामुळे तिला ‘यलो बॉय’ म्हणत. पुढची १८७३ ची. अंग लोखंडी आणि काडतूस नवं, .४४-४०. पहिला आकडा गोळीची जाडी, इंचाचे शंभरावे भाग. दुसरा आकडा काळ्या दारूचं वजन, ४० ग्रेन. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा, तेव्हा ४० ग्रेन म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमच्या वर. पुढे १३ ग्रॅमची शिशाची गोळी.

या काडतुसात एक बदल वरून दिसत नव्हता. हेन्रीच्या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठात असे. एकदा झाडली की पुंगळी फेकूनच द्यायची. .४४-४० मध्ये मसाला बुडाच्या मधोमध बसवलेल्या छोट्या टोपीत होता. टोपी बदला, दारू घाला, गोळी बसवा, की पुंगळी पुन्हा तयार. म्हणजे मोजमाप पुन्हा माणसाच्या हातात आलं. घरी बसून काडतूस भरणारा कारखान्यापेक्षा जास्त दारूही घालू शकत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आणि ही फक्त यंत्राची गोष्ट नव्हती. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या घोडदळाकडे एकेक गोळीच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी काहींकडे हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या. १९८४ मध्ये त्या मैदानावर झालेल्या उत्खननात त्यांच्या पुंगळ्या सापडल्या. ज्यांची जमीन जात होती, त्यांच्या हातात जमीन घेणाऱ्यांच्याच कारखान्यातलं हत्यार होतं, आणि त्याचं काडतूसही त्याच बाजारातून मिळवावं लागे. काडतूस संपलं की रायफल म्हणजे एक जड काठी. ‘एकच काडतूस सगळीकडे’ या कल्पनेचं मोल तिथे कळतं.

लोखंडी गुडघा

आता रायफलीच्या पोटात डोकावू. गोळी सुटते तेव्हा आतला वायू सगळ्या दिशांना सारखा ढकलतो. गोळी पुढे जाते, पण तेवढ्याच दाबानं पुंगळी मागे येऊ बघते. तिच्या मागे बोल्ट नावाचं लोखंडी दार असतं. हे दार उघडलं तर सगळा स्फोट झाडणाऱ्याच्या तोंडावर, कारण बोल्ट त्याच्या डोळ्यापासून वीतभरसुद्धा लांब नसतो.

हेन्री, १८६६ आणि १८७३ या तिन्ही रायफलींत हे दार गुडघ्यासारख्या जोडणीनं धरलेलं होतं. दोन कड्या, मधे खिळ. पाय वाकवला की दार उघडतं, ताठ केला की बंद. ताठ पाय बरंच वजन पेलतो, पण तो भार शेवटी खिळींवर आणि लहान लहान तुकड्यांवर येतो. ही रचना हाताला लोण्यासारखी चालते. आजही वेगानं झाडण्याच्या स्पर्धांत १८७३ च्या नव्या प्रती लाडक्या आहेत त्या यासाठीच. पण ती मुळात काळ्या दारूसाठी बेतलेली होती.

दाब म्हणजे नेमका किती? घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा दर चौरस इंचाला साधारण १५ पौंडांचा जादा दाब असतो. .४४-४० साठी आजची अमेरिकन मर्यादा ११,००० पौंड आहे. म्हणजे सातशे कुकरांपेक्षा जास्त, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. पुंगळीच्या बुडाच्या क्षेत्रफळानं गुणलं तर ढोबळ हिशेबानं त्या गुडघ्यावर एक टनाला थोडं कमी एवढा धक्का बसतो. तेवढा तो पेलतो.

विंचेस्टरला मोठ्या जनावरांसाठी मोठी काडतुसं वापरायची होती, तेव्हा १८७६ मध्ये त्यांनी तोच गुडघा मोठा करून नवी रायफल काढली. गुडघा जाड झाला, पण राहिला गुडघाच. सैन्याचं लांबलचक .४५-७० काडतूस काही तिच्यात मावलं नाही.

वाड्याचा अडसर

उत्तर युटातल्या ऑग्डेन गावातून आलं. जॉन मोझेस ब्राउनिंगच्या वडिलांचं बंदुकांचं दुकान होतं आणि हा पोरगा तिथेच शिकला. त्यानं गुडघा काढूनच टाकला. त्याच्या रचनेत लिव्हर वर दाबली की पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या खालून वर सरकतात आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसतात. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर घालतात, तसंच. ढकलणारा कितीही जोर लावो, भार भिंतीवर जातो. ही १८८६ ची रायफल, आणि ती .४५-७० सहज पेलायची.

मग विंचेस्टरला .४४-४० सारख्या छोट्या काडतुसांसाठी तशीच छोटी रायफल हवी झाली. असं सांगतात की कंपनीनं दोन महिन्यांत नमुना दिल्यास पंधरा हजार डॉलर देऊ म्हटलं. ब्राउनिंग म्हणाला, तीस दिवसांत देतो, वीस हजार घेईन. उशीर झाला तर फुकट. ही झाली १८९२ ची रायफल. १९४१ पर्यंत अशा दहा लाखांहून जास्त बनल्या.

गंमत म्हणजे सिनेमात १८७० च्या दशकातली म्हणून दिसणारी कितीतरी हत्यारं मुळात १८९२ ची आहेत. ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन जी मोठ्या लिव्हरची रायफल फिरवतो तीही. हॉलिवुडकडे या रायफली ढिगानं होत्या आणि त्यांच्यासाठी ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं बिनगोळीचं काडतूस होतं. ते दोन काडतुसांच्या रायफली आणि तीन काडतुसांची रिव्हॉल्व्हरं अशा पाचांत चालायचं. सेटवर कुणी काय भरलं याची डोकेदुखी नको म्हणून. गोळीच नसल्यामुळे ‘बसतं ते चालतं’ हे तिथे बऱ्यापैकी खरं होतं.

पहिलं उत्तर: खोक्यावर लिहा

१८९२ ची रायफल बाजारात आली तेव्हा दारूही बदलत होती. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं १८८४ मध्ये धूर न करणारी दारू बनवली होती. ती कमी जागेत जास्त ऊर्जा देई. विंचेस्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४४-४० चं एक जोरकस रूप विकायला काढलं. काळ्या दारूच्या काडतुसाची गोळी रायफलीतून सेकंदाला साडेबाराशे फुटांच्या आसपास जाई. ही नवी दीड हजारांच्या घरात.

ब्राउनिंगच्या अडसराला हे झेपत होतं. पण बाहेरून हे काडतूस होतं जुन्या .४४-४० सारखंच. तीच लांबी, तोच घेर. म्हणजे ते १८७३ च्या गुडघ्यातही बसायचं आणि कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही. तेव्हा कंपनीनं खोक्यावर छापलं की हे १८९२ साठी आहे. १८७३ च्या रायफलींत किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नका.

हे झालं पहिलं उत्तर. लिहून ठेवा, वाचणारा वाचेल. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते कोण किती वाचतं हे सगळ्यांना माहीत आहे. काडतूस खोक्यातून निघून पट्ट्यात गेलं की सूचना खोक्याबरोबर चुलीत. पट्ट्यातली वीस काडतुसं एकमेकांसारखीच दिसतात.

दुसरं उत्तर: तीन मिलिमीटर

हाच पेच १९३० मध्ये पुन्हा आला. पोलिसांना चोरांच्या मोटारींचे पत्रे भेदणारं रिव्हॉल्व्हर हवं होतं. त्यांचं नेहमीचं काडतूस होतं .३८ स्पेशल. स्मिथ अँड वेसननं जाडजूड बांध्याचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्यासाठी .३८ स्पेशलच्याच मापाचं, पण जास्त दाबाचं काडतूस आलं. ते नव्या हत्याराला पेलायचं. पण देशभर लाखो लहान, जुनी .३८ रिव्हॉल्व्हरं होती आणि त्यांतही ते अगदी छान बसायचं. पुन्हा खोकं, पुन्हा सूचना.

पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याच कंपनीनं .३५७ मॅग्नम आणलं. डग्लस वेसन, फिलिप शार्प आणि एल्मर कीथ ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. गोळीची जाडी .३८ स्पेशलचीच. आजच्या मर्यादेनुसार .३८ स्पेशलचा दाब १७,००० आणि .३५७ चा ३५,०००, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि या वेळी त्यांनी एक साधी गोष्ट केली. पुंगळी इंचाच्या आठव्या भागानं लांब केली. तीन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त.

एवढ्यानं काय झालं? .३८ स्पेशलच्या घरात .३५७ घालायला गेलात तर ते शेवटपर्यंत आत जात नाही, बाहेर राहतं, रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. उलट, .३५७ च्या हत्यारात .३८ स्पेशल मजेत बसतं आणि चालतं. दुबळं काडतूस दणकट हत्यारात चालेल, दणकट काडतूस दुबळ्या हत्यारात जाणारच नाही. सूचना वाचायची गरज नाही, इंग्रजी यायची गरज नाही, अंधार असला तरी हरकत नाही. धातूच नाही म्हणतो.

आयडाहोत गुरं पाळणाऱ्या एल्मर कीथला हा धडा अंगावर आला होता. तरुणपणी तो जुन्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळ्या आणि भरपूर दारू घालायचा, आणि एकदा ते हातातच फुटलं. .४५ च्या फिरत्या नळकांड्यात भोकं मोठी असतात, म्हणून भोकांमधल्या भिंती पातळ. तेव्हा तो .४४ स्पेशलकडे वळला. भोक किंचित लहान, भिंत किंचित जाड. पुढची कित्येक वर्षं तो .४४ स्पेशल जोरात भरत राहिला आणि कारखान्यांनी हे करावं म्हणून लिहीत राहिला. १९५५ च्या अखेरीला .४४ मॅग्नम आलं. दाबाची मर्यादा ३६,०००. आणि त्याचीही पुंगळी .४४ स्पेशलपेक्षा इंचाच्या आठव्या भागानं लांब.

लांब नळीचा फायदा आणि जुना वारसा

इथे गोष्टीची दिशा उलटली. १८७३ मध्ये काडतूस रायफलीचं होतं आणि रिव्हॉल्व्हरनं ते उसनं घेतलं. आता मॅग्नम काडतुसं रिव्हॉल्व्हरची होती आणि लिव्हर रायफली ती उसनी घेऊ लागल्या. मार्लिन कंपनीनं १९६९ मध्ये आपलं १८९४ चं नाव पुन्हा जिवंत केलं ते .४४ मॅग्नमसाठी.

रायफलीत हे काडतूस वेगळंच वागतं. रिव्हॉल्व्हरची नळी पाच-सहा इंच. शिवाय नळकांडं आणि नळी यांच्यातल्या फटीतून थोडा वायू निसटतो. रायफलीची नळी अठरा-वीस इंच आणि फट नाही. हळू जळणारी दारू गोळीला जास्त वेळ ढकलत राहते. साडेपंधरा ग्रॅमची .४४ ची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास जात असेल, तर रायफलीतून ५३० च्या पुढे. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती सुमारे १,२५० ज्यूलवरून २,२०० वर जाते. काडतूस तेच, दारू तीच.

मग लोकांना आणखी हवं झालं. जास्त जड गोळ्या, विशेषतः अस्वलांच्या प्रदेशात फिरणाऱ्यांना. जड गोळी म्हणजे लांब गोळी, आणि इथे एकोणिसाव्या शतकाचा वारसा आडवा आला. एक म्हणजे लिव्हर रायफलीत काडतूस नळीखालच्या लांब नळकांड्यातून येतं आणि एका पाळण्यात बसून वर उचललं जातं. पाळण्याची लांबी ठरलेली असते. काडतूस थोडं जास्त लांब झालं की यंत्र अडकतं. दुसरं म्हणजे त्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडावरच्या टोपीला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्यानं पुढचं काडतूस आतल्या आत पेटू शकतं. म्हणून या गोळ्यांची टोकं चपटी असतात.

तिसरा वारसा सगळ्यात मजेदार. गोळी स्थिर उडावी म्हणून नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात आणि त्या तिला भोवऱ्यासारखं फिरवतात. लांब गोळीला जास्त पीळ लागतो. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या नळीत २० इंचांना एक वेढा असतो. मार्लिनच्या .४४ मॅग्नम रायफलीत मात्र कित्येक वर्षं ३८ इंचांना एक वेढा होता, जवळपास .४४-४० च्या काळासारखाच. हलक्या गोळ्यांना तो पुरायचा. फार जड गोळ्या काही रायफलींतून डगमगत जायच्या. काडतूस विसाव्या शतकाचं आणि नळीचा पीळ एकोणिसाव्या. जुन्या कोडमधली एखादी संख्या कुणी का लिहिली हे विसरलं जातं आणि ती तशीच पुढे कॉपी होत राहते, तसंच.

तरी बोल्ट उघडण्याचा प्रश्न इथे नव्हता. .४४ मॅग्नमचा बुडावरचा धक्का त्याच ढोबळ हिशेबानं पावणेतीन टनांच्या घरात जातो, .४४-४० च्या तिप्पट. तो पेलणाऱ्या रायफलींसाठीच हे काडतूस आहे, आणि ते १८७३ च्या जुन्या .४४-४० मध्ये बसतही नाही.

तिसरं उत्तर: काहीच करू नका

राहिलं .४५ कोल्ट. १८७३ पासूनचं. त्याची अधिकृत मर्यादा आजही १४,००० आहे, कारण शंभर-दीडशे वर्षांची रिव्हॉल्व्हरं अजून लोकांच्या घरात आहेत. ज्यांची हत्यारं नवी आणि दणकट, त्यांनी मात्र याच पुंगळीत दुपटीच्या आसपास दाबाची काडतुसं भरायला सुरुवात केली. काही छोटे कारखाने ती विकतातही. खोक्यावर लिहिलेलं असतं की अमुक बनावटीच्याच हत्यारात वापरा. पुंगळी मात्र तसूभरही लांब नाही.

एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल कारखान्यांनी काढलीच नव्हती. १९८० च्या दशकापासून त्या येऊ लागल्या, आणि आता या काडतुसाच्या लिव्हर रायफली दोन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत. एक ब्राउनिंगच्या अडसराची, दुसरी गुडघ्याची. दोन्हींच्या नळीवर शिक्का एकच: .४५ कोल्ट.

माझा आतेभाऊ टेक्ससमध्ये असतो. मागच्या वर्षी त्यानं शेजारच्या गावातल्या एका घरगुती विक्रीतून १८७३ ची नवी प्रत घेतली, .४५ कोल्टची. बरोबर एका प्लॅस्टिकच्या डब्यात तीसेक काडतुसं फुकट मिळाली. लेबल नव्हतं. रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं एक काडतूस उचललं, त्याचं रुंद चपटं टोक आणि वजन बघितलं आणि म्हणाला, ही भरू नकोस. आतेभावानं रात्री मला फोन केला.

“अरे, रायफलीवर .४५ कोल्ट लिहिलंय, पुंगळीच्या बुडावर .४५ कोल्ट लिहिलंय, सहज आत जातंय. मग प्रॉब्लेम काय?”

“दादा, काय केलंस त्यांचं?”

“रेंजवर खराब काडतुसांचा डबा असतो, त्यात टाकली. पण मला कळू दे ना, का?”

मी त्याला कुकर, गुडघा, अडसर सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तो म्हातारा तिथे होता म्हणून.”

ती काडतुसं जोरकस होती की साधी, हे कुणालाच कळलं नाही. बाहेरून कळायची सोयच नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. ज्यानं ती भरली त्याला माहीत असणार. त्याचं हत्यार कदाचित दणकट असेल आणि त्याच्यापुरता सगळा हिशेब बरोबर असेल. तो गेला, डबा राहिला.

याच .४५ घराण्यात चांगलं उदाहरणही आहे. युटाच्या डिक कॅसूलनं १९५० च्या दशकात .४५ च्या गोळीचं एक भयानक ताकदीचं काडतूस बनवलं, .४५४ कॅसूल. दाबाची मर्यादा ६५,०००. त्याची पुंगळी .४५ कोल्टपेक्षा अडीच मिलिमीटरनं लांब आहे, म्हणून ते जुन्या कोल्टमध्ये जात नाही. ब्राझीलच्या रॉसी कंपनीनं ब्राउनिंगच्या १८९२ च्या रचनेवर या काडतुसाची लिव्हर रायफलही काढली. तीस दिवसांत बनवलेली ती अडसराची कल्पना, चांगल्या पोलादात, मूळ दाबाच्या कित्येक पट भार पेलते.

गुडघ्याच्या रायफलीही संपल्या नाहीत. इटलीत बनणारी १८७३ ची लोखंडी प्रत आज .३५७ मध्ये मिळते, कारण पोलाद सुधारलं. पण पितळी अंगाची १८६६ ची प्रत .३८ स्पेशलपुरतीच ठेवतात. तिच्यात .३५७ जाणारच नाही. ज्यानं ती १८६६ विकत घेतली त्यानं हा लेख वाचलेला नसला तरी चालतं.

मला या सगळ्यात १९३५ चा तो निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. दारूसाठी लांबी वाढवण्याची फारशी गरज नव्हती. जुन्या मापातही तेवढी दारू मावत होती. नवं माप म्हणजे नवी यंत्रं आणि नवा खर्च. तरी ते झालं, कारण कुणीतरी अशा माणसाचा विचार केला जो खोकं वाचणार नाही. हत्यार त्याला आजोबांकडून मिळालेलं असेल, काडतुसं दुसऱ्या कुणाच्या कपाटातून, आणि सांगायला शेजारी म्हातारा उभा नसेल.

सांधा आखताना आपण बहुतेक वेळा विचारतो, हे जुळेल ना? त्याच बैठकीत दुसरा प्रश्नही विचारायला हवा: जिथे हे झेपणार नाही, तिथे ते बसणार नाही याची सोय केली आहे का? आपण कंपनी सोडून गेल्यावर, खोकं हरवल्यावर, दहा वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस ते उचलून घालून बघणार आहे. ते तीन मिलिमीटर त्याच्यासाठी ठेवायचे असतात.